नासर्डीकाठच्या सुधावहिनी

शेवटचं भेटले तेव्हा सुधावहिनींनी माझ्याकडून वचनबिचन घेतलं नाही, सरळ दम दिला. "कुंदे, माझ्या अस्थी रामकुंडात गेल्या ना, तर तुला बघून घेईन. नासर्डीतही टाकायच्या नाहीत. काठावरच्या उंबराखाली पुरायच्या." मी म्हटलं, "बघून कशा घेणार? तुम्ही तर नसणार." अंगात एवढा ताप, तरी हसल्या... चौथ्या दिवशी गेल्या.

त्या माझ्या मोठ्या जाऊबाई. लग्न होऊन मी नाशिकला आले ती इगतपुरीहून. पावसात वाढलेली, पण अकलेनं ठार कोरडी. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर जायचं तर मी रेशमी साडी नेसायची, तांब्या चकचकीत घासायची. आणि घराजवळची नासर्डी नदी ओलांडताना पदर नाकाला! घरातलं निर्माल्य मात्र तिलाच, कारण देवाचं कचऱ्यात टाकायचं नसतं. प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारायची, पुलावरून भिरकावायची, हात जोडायचे, की पुण्य पक्कं. ती शहाणी आज भेटली, तर तिचाच तांब्या तिच्या डोक्यात घालीन.

एकदा पिशवी फेकली आणि खालून हाक आली, "कुंदे, खाली ये!" वहिनी गुडघाभर पाण्यात, हातात बांबू, आणि माझी पिशवी त्यांच्या पायाशी. मी घसरत, साडी सावरत उतरले. त्यांनी गाठ सोडली. आत जास्वंदी, जळक्या वाती, उदबत्तीचा रिकामा पुडा.

"सासूबाईंना ताट असंच फेकून वाढतेस का गं?"

"त्यांनी उलट फेकलं असतं."

"हीही फेकेल एखाद्या पावसाळ्यात. तेव्हा रडू नकोस."

वहिनी नदीला फूल वाहत नसत, दिवा सोडत नसत. रोज सकाळी बांबूनं पानवेली आणि पिशव्या बाजूला करून खाटेएवढं पाणी मोकळं करायच्या आणि दगडावर बसून तिच्याशी बोलायच्या. कालची भाजी खारट झाली इथपासून, पोटचं पहिलं मूल गेलं इथपर्यंत. "गंगेला सगळं गाव हात जोडतं," म्हणायच्या, "हिची विचारपूस कुणी करायची?" मी आपली तोंडाळ. म्हटलं, "पण वहिनी, ही आता नाला झालीय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अर्धांगानं पडलेल्या बाईला तू नाव बदलून हाक मारतेस?" दुसऱ्या दिवशी मी गंमत बघायला गेले. तिसऱ्या दिवशी बसले. पुढं कित्येक वर्षं आम्ही दोघी तिथं बसून भांडलो, आणि नदीनं दोघींचं ऐकून घेतलं.

तर अस्थींचा दिवस. वहिनींचा मुलगा प्रशांत पुण्याहून आलेला. त्यानं गुरुजी ठरवले, रामकुंडावर जायचं ठरवलं. मी वहिनींचं म्हणणं सांगितलं, तर म्हणाला, "काकू, लोक काय म्हणतील? आईच्या अस्थी नाल्याकाठी?" मी कलश उचलला, गाडीत पुढच्या सीटवर बसले आणि तो मांडीवर घट्ट धरला. "आता गाडी नासर्डीकडे घे. नाहीतर मला कलशासकट रामकुंडात सोड. माझे गुडघे धड नाहीत, दोघींचं एकदमच उरकेल."

गुरुजी खिडकीशी वाकले. "आजी, अशानं त्यांना गती मिळायची नाही."

"गती कुणाला हवी होती, गुरुजी? त्यांना तिथं बसायचं होतं."

प्रशांत स्टिअरिंगशी येऊन बसला. मग म्हणाला, "लहानपणी शाळेतून आलो की आई घरात नसायची. मला त्या नदीचा फार राग यायचा, काकू." मी म्हटलं, "येणारच. पण हा निर्णय तुझ्या आईचा आहे रे." त्यानं गाडी वळवली. गुरुजी आले नाहीत, नाही तर नाही. इस्त्रीची पँट चिखलात टेकवून खड्डा त्यानंच खणला आणि माती लोटून झाल्यावर, मला दिसू नये म्हणून उंबराच्या पलीकडे जाऊन रडला.

पाणी अजून काळंच आहे. कागदावर हिचं नाव नंदिनी झालंय, म्हणून काही ती निर्मळ झाली नाही. मी मात्र रोज जाते. आणि माझ्या मुलांना बजावून ठेवलंय, मला त्याच उंबराखाली, वहिनींच्या डावीकडेच पुरा. उजव्या कानानं त्यांना ऐकू यायचं नाही, आणि माझं भांडण अजून संपलेलं नाही.