सुकाणावर कोण होतं

वडशाजवळच्या डेपोत मी कामाला लागलो तेव्हा तिथल्या लोकांना माझ्या एकाच गोष्टीचं नवल वाटे. हा माणूस समुद्राकाठचा, आणि नदीत अंघोळीला गेला तरी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरत नाही.

डेपो वैनगंगेच्या काठावरच होता. वरच्या जंगलातून बांबूचे तराफे पाण्यावरून येत. ते काठाला लागले की दोर सोडायचे, तपासायचे, तुटलेला दोर जोडून परत वर पाठवायचा, हे माझं काम. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला दोराच्या गाठीखेरीज दुसरं काही येत नव्हतं. तेवढ्यावर ठेकेदाराने ठेवून घेतलं. तरी रोज सकाळी जाग आली की पहिला विचार हाच यायचा, की आज काढून टाकतील. कुणी काढलं नाही.

जेवायला मी एका ढिवराच्या घरी जायचो. हा गडी घाटावर डोंगा चालवायचा, माणसं पलीकडे नेऊन सोडायचा आणि उरलेल्या वेळात मासे धरायचा. वयाने माझ्या वडिलांएवढा. सगळे त्याला भाऊ म्हणत, मीही म्हणू लागलो. त्याच्या बायकोला बाई. पहिल्या दिवशी मी पानावर संकोचून बसलो होतो, तर बाई म्हणाल्या, "काऊन रे, तुह्या गावाले भात नाई पिकत का?"

"पिकतो ना."

"मंग असा मोजून काऊन खाऊन राह्यला? घरचा हाय, खा."

घर सोडल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला घरचा म्हटलं होतं. मी मान खाली घालून खूप जेवलो.

चौथ्या उन्हाळ्यात बहिणीचं पोस्टकार्ड आलं. आईचा गुडघा, आंबा कमी आला, असं सगळं लिहून झाल्यावर शेवटी बारीक अक्षरात होतं: 'तांडेलांच्या मुलाला नव्या मचव्यावर तांडेल म्हणून घ्यायचं म्हणतात, पण गावातली जुनी माणसं आडवी आलीत. ज्याच्या बापाने ऐन वेळी सुकाण फिरवलं त्याच्या हातात माणसं कशी द्यायची, असं म्हणतात. नारळी पौर्णिमेला बसून ठरवणार.'

ते पोस्टकार्ड मी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि महिनाभर तसंच ठेवलं. घामाने त्यावरची शाई फुटली. सुकाण तांडेलांनी, म्हणजे आमच्या मचव्याच्या प्रमुखाने, फिरवलं नव्हतं. मी फिरवलं होतं.

हे युद्धाच्या काळातलं. आमच्या शिडाच्या मचव्यात कौलं भरलेली होती, माणसं आम्ही पाच. मी सोळा-सतरा वर्षांचा, तांडेलांनी पहिल्यांदाच माझ्या हातात सुकाण दिलेलं. सकाळची वेळ, समुद्र अगदी निवांत, पण धुरकट. त्या धुरकटातून एक राखाडी आगबोट निघाली. लढाईची होती, तोफा दिसत होत्या. शिडाच्या होडीला आगबोटीने वाट द्यायची, हा समुद्रावरचा नेहमीचा रिवाज. शिडवाल्याने मात्र आपली वाट बदलायची नाही, म्हणजे आगबोटीला अंदाज येतो. तांडेल माझ्या शेजारी उभे राहून शांतपणे म्हणाले, "सरळ धर. हात हालव नको. ती आपल्या मागसून जातली."

मी सरळ धरलं. मग ती आगबोट मागून जायची सोडून आमच्याकडेच वळली. पाणबुड्यांच्या भीतीने त्या बोटी तेव्हा नागमोडी चालत, हे आम्हाला फार मागाहून कळलं. तिचा पुढचा भाग घरासारखा उंच होत गेला. तांडेल परत म्हणाले, "सरळ." आणि माझ्या हातांनी सुकाण दाबलं. मी दाबलं असं मला अजून म्हणवत नाही, इतकं ते आपोआप झालं. मचवा आडवा झाला. पुढच्या टोकाला चुलीपाशी आमचा भंडारी, म्हणजे जेवण करणारा, तांदूळ धूत बसला होता. बोट तिथेच लागली.

आम्हा चौघांना आरमारवाल्यांनी दोर टाकून वर घेतलं. घोंगड्या दिल्या, दुधाचा चहा दिला. त्यांची छोटी होडी दुपारपर्यंत भंडाऱ्याला शोधत फिरली. तो मिळाला नाही. मग त्यांच्यातला एक मराठी खलाशी वही घेऊन आला. साहेब मागे उभा. खलाशाने विचारलं, "सुकाणावर कोण होतं?"

माझ्या हातात चहाचा पेला होता. मी तोंड उघडायच्या आत तांडेल म्हणाले, "मी होतंय."

वहीत तसं लिहिलं गेलं. 'मचवा अचानक वळला, सुकाणावर तांडेल.' बाकीचे दोघे शिडापाशी होते, त्यांची पाठ आमच्याकडे. गावात तीच गोष्ट गेली. तांडेलांना पुढे कुणी मचवा दिला नाही. ते किनाऱ्यावर जाळी विणत बसायचे आणि मी समोरून गेलो की नेहमीसारखी हाक मारायचे. ती हाक मला सोसेना. ज्या गाडीने समुद्रापासून सगळ्यात लांब जाता येईल ती मी धरली.

तर ते पोस्टकार्ड खिशात असताना एके दिवशी भाऊ म्हणाला, "समुद्रवाल्या, आज डोंगा तू चालव."

"नको भाऊ."

"मोठ्या दर्यात फिरून आला, न आमच्या डबक्याले भेते? उन्हाळ्याचं पाणी हाय. पडला तं उभा राहशील."

घाटावरच्या माणसांना ऐकू गेलं, ती हसली. नाही म्हणायची लाज वाटली म्हणून मी वल्हं घेतलं. डोंग्यात एक कुंभारीण पुढे तोंड करून बसली होती, तिच्या पुढ्यात मडक्यांची टोपली, वडशाच्या बाजाराला निघालेली. आणखी दोन माणसं होती. अर्ध्यात पोचलो तर वरून आमच्याच डेपोचा तराफा येताना दिसला. अगदी सावकाश येत होता, त्यावरचा माणूस बिडी ओढत बसला होता.

"सरळ ठेव," भाऊ म्हणाला. "तो मांगून जाते."

त्याला काय माहीत, हे शब्द मी आधी कुठे ऐकले होते. माझे हात वळले. डोंगा आडवा झाला, तराफ्याची टोकं त्याच्या अंगावर खरखरत गेली, टोपली कलंडली. भाऊने मागून झडप घालून माझ्या हातातलं वल्हं घेतलं आणि मला खाली बसवलं. कुणी पाण्यात पडलं नाही. बिडीवाला तेवढा ओरडला, "डोये हायेत का बटनं?"

कुंभारणीने टोपली सरळ केली आणि मागे वळून बघितलं तेव्हा वल्हं भाऊच्या हातात होतं.

"काय गा भाऊ! माह्ये मडके फोडले ना!"

"माह्याच हातानं झालं बाई," भाऊ म्हणाला. "ध्यान नव्हतं."

"ध्यान कुठी होतं, मासोयात?"

सगळे हसले, भाऊही हसला. मी बसून होतो. पायाशी एका फुटक्या मडक्याची खापरी डुलत होती, तिच्याकडे बघत मी काठ येईपर्यंत काही बोललो नाही. उतरल्यावरही नाही.

त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. बाईंनी वाटीत मासा वाढला, मी तो नुसता चिवडत राहिलो. भाऊ हात धुऊन बाहेर गेला तशा बाई समोर बसल्या.

"वल्हा तुह्या हातात होता ना?"

"भाऊने सांगितलं?"

"तो काय सांगते! तू माश्याले घास घेऊन नाई राह्यला, काटे मोजून राह्यला. त्याच्यावरून समजलं."

मग मी सगळं सांगितलं. मडक्यांचं सांगायला निघालो आणि भंडाऱ्यापर्यंत जाऊन पोचलो. तांडेल, चहाचा पेला, वही, खिशातलं पोस्टकार्ड. माझं संपल्यावर बाईंनी माझ्या ताटातला गार भात काढून घेतला, गरम वाढला आणि म्हणाल्या, "समुद्र लय दूर हाय. कुंभारीण जवर हाय. आधी तिच्याकडं जाऊन ये."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. कुंभारीण अंगणात माती तुडवत होती. मी वाटेत चार वाक्यं घोळून ठेवली होती, त्यातलं एकच आलं. "काल वल्हं माझ्या हातात होतं."

तिने पाय थांबवला नाही. "मले मालूम हाय."

"कसं?"

"तीस वर्ष झाले त्या भाऊच्या डोंग्यात बसून राह्यली. तो असता तं मडकंच काय, मडक्यातलं पाणी नाई हाललं असतं. मी म्हटलं पाहू, हा समुद्रवाला बोलते का चूप बसते." मग म्हणाली, "एक रात गेली. बरं हाय. उभा काऊन? तो घमेला उचल, माती आन."

संध्याकाळपर्यंत मी माती आणली. ती मला दिवसभर बोलत होती, माझ्या हातांना, माझ्या समुद्राला, माझ्या चालण्याला. इतकं बोलणं खाऊन इतकं हलकं वाटलेलं मला आठवत नाही.

पत्र लिहायला मात्र तीन दिवस लागले. माझं अक्षर वाईट, आणि पाच-सहा ओळींच्या पुढे मी कधी लिहिलं नव्हतं. भीती तांडेलांची नव्हती. भंडाऱ्याचं घर आमच्या घरापासून तिसरं. त्याचा भाऊ आणि माझी आई एकाच विहिरीवर पाणी भरत. शेवटी लिहिलं ते एवढंच: सुकाण माझ्या हातात होतं. तांडेल दोनदा सरळ धर म्हणाले. मी धरलं नाही. हे सगळ्यांसमोर वाचावं. खाली सही केली आणि ते बहिणीच्या नावाने टाकलं.

पाऊस लागला, नदी भरली, डोंगा काठावर चढवून ठेवला. नारळी पौर्णिमा गेली. भाऊ रोज विचारायचा, "डाक आली का गा?" आणि नाही म्हटलं की आपणच म्हणायचा, "पूर हाय ना, डाकवाला कसा येईन."

पाण्याला उतार पडल्यावर पोस्टकार्ड आलं. पत्र देवळात वाचलं. मचवा तांडेलांच्या मुलाला मिळाला. भंडाऱ्याचा भाऊ तेव्हापासून आईशी बोलत नाही, आई आता खालच्या विहिरीवर जाते. लांब पडते, पण तू त्याचा विचार करू नको असं सांगते. हे मी दोनदा वाचलं. त्याचा विचार मी आजही करतो.

तळाशी बहिणीने लिहिलं होतं: 'तांडेल घरी आले होते. पत्राबद्दल काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, तिकडच्या नदीत मासे कुठले मिळतात ते लिहून पाठव म्हणावं.'

मी ते भाऊला वाचून दाखवलं. तो फुटलेलं जाळं नीट करत बसला होता. त्याने गाठ दातात धरली, ओढली, आणि म्हणाला, "लिह्य. मरळ."

मी लिहिलं.

"वाम. शिंगाडा. झिंगे लिह्य, झिंगे त्याले समजन."

"झिंगे त्यांच्याकडे ढीगभर आहेत, भाऊ."

"खारट पाण्यातले ते. गोड पाण्यातले नाई खाल्ले त्यानं." त्याने आत हाक दिली, "सांग वो, अजून काय मिळते?" आणि बाई आतूनच नावं सांगू लागल्या, इतकी भरभर की मला लिहवेना, आणि मी त्यांना म्हणालो, बाई, जरा हळू.