आईने लावलेला मंगळ

मी गे आहे हे घरी सांगितलं, तेव्हा बाबांनी आधी उठून खिडक्या बंद केल्या. आमच्या डोंबिवलीत बिल्डिंगा इतक्या चिकटून आहेत की समोरच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो. आई म्हणाली, "आम्हाला सांगितलंस, बास झालं. बाहेर बोलायचं नाही." लग्नाचं विचारणाऱ्या नातेवाइकांसाठी तिनेच थाप शोधली: मुलाला कडक मंगळ आहे.

मंगळाच्या मुलीला मंगळाचाच मुलगा लागतो आणि तिचे आईबाप तो वर्षानुवर्षं शोधत असतात, हे त्या माउलीच्या डोक्यातच आलं नाही. माझा भाव असा वधारला की विचारू नका. शेवटी खोपटची मावशी एका मुलीच्या वडिलांनाच घरी घेऊन आली. "चार वर्षं वणवण फिरतोय हो," म्हणत त्यांनी माझा हात धरला, तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं.

"काका, मी गे आहे. मला पुरुष आवडतात."

बाबा खिडक्या बंद करायला धावले. काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "ते होईल हो ठीक लग्नानंतर. मंगळ मात्र नक्की आहे ना?"