स्टिअरिंगवरचं बोट

आयर्लंडच्या खेड्यांतल्या अरुंद रस्त्यांवर समोरून येणारा माणूस नमस्कारादाखल स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. हात हलवत नाही की हसत नाही, फक्त बोट. आमचं भाड्याचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, इतकं रुंद की रोज कुणीतरी गाडी मागे घेऊन आम्हाला वाट देतं आणि वर हे बोट. आता मीही उचलतो.

आज सकाळी मुक्काम एका शेताच्या कडेला होता. बायको दारात चहा पीत बसली होती आणि मी निघायच्या घाईत आत कपाटांच्या कड्या लावत सुटलो होतो.

"अहो, कप तरी रिकामा होऊ द्या," ती म्हणाली. "घर बरोबरच आहे ना? मग पोचायचंय कुठे?"

मी पुढची कडी लावली. चार दिवसांत एकही टेकडी मी धड बघितलेली नाही. एक वळण संपायच्या आत डोळे पुढच्या वळणावर.

तरी निघालोच. फाटकाशी शेताचा म्हातारा मालक ट्रॅक्टरवर भेटला. त्याने बोट उचललं, मीही उचललं. तो सावकाश आपल्या शेतात वळला. शेजारी बायको अर्धा कप दोन्ही हातांनी धरून बसली होती, सांडू नये म्हणून.