काटवलाची पहिली तोड

"सावलीत वाळू द्या, भाऊ. उन्हात ठेवलं का गुण उडून जाते."

मॅडम हे म्हणायच्या ते मुळांच्या चकत्यांबद्दल. पण प्राचार्यांची एखादी तिरसट नोटीस आली, स्टाफरूममध्ये कुणाचं वाजलं, तरी त्या तेच म्हणायच्या. चिडलेला माणूस आधी आणखी चिडायचा आणि मग हसायचा. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यामुळे बाकीच्यांची भांडणं घरापर्यंत जात नाहीत.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी भिंतीपलीकडे सूक्ष्मजीवशास्त्र. मुळं होती काटवलाची. तिकडे पुण्यात त्याला करटुली म्हणतात. पावसाळा लागला की हा वेल आपसूक बांधावर उगवतो, कुंपणावर चढतो आणि त्याला हिरवी, मऊ काट्यांची फळं लागतात. अंजनगाव सुर्जीजवळच्या एका खेड्यात मॅडमचं माहेर होतं. तिथल्या बांधावरच्या काटवलाची पहिली तोड त्यांची माय दर श्रावणात लेकीला पाठवायची. ओल्या फडक्यात बांधून, पिशवीत घालून, एसटीच्या कंडक्टरच्या हाती. पिशवी गाडीत चढेपर्यंत माय स्वतः काटवल चाखत नसे.

ती पिशवी मॅडम बसस्टँडवरून थेट स्टाफरूममध्ये आणायच्या आणि जुन्या पेपरांवर सगळ्यांचे वाटे घालायच्या. "आजच करा, उद्या पिवळं पडते," असा वर दम. एकट्या राहणाऱ्या बाईला एवढी भाजी काय करायची, असं आम्ही समजत असू. त्यांच्या नवऱ्यानं दुसरा संसार मांडला होता. मॅडमना मूल झालं नाही, एवढंच कारण, आणि गावाकडे त्यासाठी एकच शब्द होता.

त्याच बांधावरचे काही वेल नुसते फुलतात, फळ धरत नाहीत. गावात त्यांना वांझ काटवल म्हणतात. मॅडमनी पीएचडीला नेमकी त्याच वेलाची मुळं घेतली. का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "फळावाल्याले सारेच पुसतात. याले कोणीच पुसत नाई."



शिवाय त्यात मायेचा हिशेबही होता. मूळ काढलं की वेल जातो. मायच्या फळत्या वेलांना धक्का लागू नये म्हणून त्यांनी पावसाळ्यात बिनफळाच्या वेलांना लाल चिंध्या बांधून ठेवल्या आणि दिवाळी झाल्यावर तेवढेच, पण सगळेच्या सगळे, खणून आणले. चकत्या केल्या, प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात सावलीत पसरल्या. मांजर त्यावर येऊन निजायचं आणि मॅडम त्याला ओरडायच्यासुद्धा हळू.

भुकटी झाली, अर्क निघाला. परीक्षानळीत पाणी घालून हलवलं की साबणासारखा फेस यायचा आणि बराच वेळ विरायचा नाही. "सॅपोनिन हाय, भाऊ," असं त्या भिंतीपलीकडून सांगायच्या. मग माझं काम. जीवाणू वाढवलेल्या थाळीत अर्काचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. पहिल्यांदा त्या दुधट थरात थेंबाभोवती स्वच्छ वर्तुळ उमटलं, तेव्हा मॅडम थाळी खिडकीकडे धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या. तेवढ्या जागेत एकही जीवाणू वाढला नव्हता. "पाहा," म्हणाल्या, "फुकटचा वेल म्हणत होते याले."

कॉलेजात बोभाटा झाला. कुणी गळवावर लावायला अर्क मागू लागलं. मॅडम कुणाला थेंब द्यायच्या नाहीत. थाळीत जंतू मेले म्हणजे अंगात मरतील असं नाही, हे त्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना सारख्याच शांतपणे समजावत.

पुढच्या श्रावणात पिशवी आली नाही. मायनं फोनवर सांगितलं की यंदा काटवल रुसलं, फुलं येतात आणि गळून जातात. मॅडमनी पावसाला बोल लावला. आम्हीही लावला.

थंडीत अकोल्याला एक चर्चासत्र होतं. मॅडमनी छान निबंध वाचला. मी मागे बसलो होतो. शेवटी एका वयस्कर प्राध्यापकांनी साधासा प्रश्न विचारला, की मुळं नर वेलाची होती की मादी वेलाची. "फळ न धरणाऱ्या वेलाची," मॅडम म्हणाल्या, आणि तिथंच थांबल्या. माईक हातात तसाच. लोकांना वाटलं, उत्तर संपलं. टाळ्या वाजल्या.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. मूर्तिजापूर मागे पडलं. मग खिडकीकडे पाहतच म्हणाल्या, "नर होते ते, भाऊ. त्याहीच्याच भरवशावर बाकीचे फळत होते. अन् म्या सारेच खोदून आणले."

मी काहीतरी समजूत घालू लागलो.

"प्रबंधाच्या पह्यल्या प्रकरणात म्याच लिहिलं हाये," त्या म्हणाल्या. "नर वेल वेगळा, मादी वेगळी. लिहिलं, पण लहानपणी ऐकलेला शब्द काई मनातून गेला नाई."

त्या दिवशी 'सावलीत वाळू द्या' म्हणायचा धीर मला झाला नाही. पुढच्याच रविवारी त्या माहेरी गेल्या आणि मायला सगळं सांगितलं. माय तूर निवडत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुले वांझ म्हणायले शिकवलं कोनं? आमीच ना." मला हे सांगताना मॅडम रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं. ते वाक्य फक्त वेलापुरतं नव्हतं, हे मला कळलं आणि त्यांनाही कळलं असावं.

नर वेल पुन्हा लावायचे तर ते फुलल्याशिवाय ओळखू येत नाहीत, आणि फुलायला पावसाळा हवा. तोवर मॅडमच्या पोटातलं दुखणं बाहेर आलं. अमरावतीहून नागपूरच्या खेपा सुरू झाल्या. डोक्याला रुमाल बांधून त्या वर्गावर यायच्या. पावसाळ्यात, औषधाच्या दोन खेपांमधल्या बऱ्या आठवड्यात, माहेरच्या सख्ख्या भावाला घेऊन त्या शेजारच्या गावच्या बांधावर गेल्या आणि तिथल्या नर वेलांना चिंध्या बांधून आल्या. सगळ्यांना नाही, मोजक्याच. सुगी आटोपल्यावर भावानं त्यांचे कंद अर्धेच कापून काढले, कोंबाचा डोळा असलेला तुकडा मायच्या बांधावर आणून लावला आणि उरलेला तिथंच मातीत ठेवला. हे कसं करायचं ते मॅडमनी खाटेवरून फोनवर सांगितलं होतं. ओरडून सांगायची ताकद नव्हती, म्हणून भाऊ प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणून खात्री करून घेत होता.

शेवटच्या भेटीत मी पीएचडीच्या मौखिक परीक्षेचा विषय काढला. त्यांनी हातानंच तो बाजूला सारला. "यंदा धरन का वो वेल?" एवढंच विचारलं. धरेल, मी म्हणालो. पावसाळा लागायच्या आधीच त्या गेल्या.

श्रावणात एका दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. म्हातारा, खरखरीत आवाज होता. "मॅडमची माय बोलून राहिली मी. वेलानं धरलं, भाऊ. पह्यली तोड पाठवली हाये. माही पोरगी जिथं वाटे घाले, तिथंच घाल."

बसस्टँडवर कंडक्टरनं पिशवी दिली. फडकं अजून ओलं होतं. स्टाफरूममध्ये जुने पेपर पसरून मी वाटे घातले.  आजच करा, उद्या पिवळं पडतं, हे मला सांगावं लागलं नाही. ज्यानं त्यानं आपापला वाटा उचलला.

एक वाटा उरला. सवयीनं मी मॅडमचाही घातला होता. त्यांच्या टेबलावर तो संध्याकाळपर्यंत पडून राहिला. हात लावायला कुणी धजेना. कॉलेज सुटल्यावर मीच तो रुमालात बांधून घरी नेला आणि त्याच दिवशी त्याची भाजी केली.