चौदा वेळा आई

"आई एकदाच आली पाहिजे," असं श्रीपत पगारे १९८१च्या सप्टेंबरात, लखनौतल्या एका सरकारी कचेरीच्या मनोरंजन हॉलमध्ये, मराठीत म्हणाले. समोर पंधरा-सोळा माणसं होती. त्यांत मराठी समजणारी फक्त त्यांची मुलगी सुनंदा, आणि तिनं भाषांतर केलं नाही.

ज्या नाटकाबद्दल ते बोलत होते ते झालं नाही. हे आधीच सांगून टाकतो. नाटकाच्या ठरलेल्या तारखेला त्या हॉलमध्ये अंत्याक्षरी झाली.

पगारे मूळचे मनमाडचे. १९६३ साली ड्राफ्ट्समन म्हणून लखनौला आले आणि तेलीबागेत दोन खोल्या घेऊन राहिले. अठरा वर्षं त्यांनी पुलांचे, नाल्यांचे आणि इतरांच्या कचेऱ्यांतल्या जिन्यांचे नकाशे काढले. चूक झाली तर ते खोडत नसत. शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेलं दाढीचं पातं असायचं. त्यानं वाळलेली शाई हलक्या हातानं खरवडत, फुंकर मारत आणि त्याच जागी पुन्हा रेघ ओढत. "खोडलं की डाग राहतो," ते म्हणत. "खरवडलं की जागा फक्त पातळ होते."

इथल्या मराठी लोकांत त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. बुद्धजयंतीच्या खिरीला दूध तेच आणत, आणि भाजीवाल्यानं काटा मारला की ते ओरडत, "मैं तुमको शिक्षा दूँगा!" अठरा वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की इकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. भाजीवाला हात जोडायचा. "दीजिए बाबूजी, हम तो अनपढ़ हैं."

त्यांची आई गयाबाई १९८०च्या हिवाळ्यात कायमची लखनौला आली. एका डोळ्यात मोतीबिंदू, कानांनी मात्र तिखट. तरुणपणी तिच्या भावाचा जलसा होता. दहा-बारा गडी ढोलकी घेऊन गावोगाव फिरायचे आणि पोरांना शाळेत घाला म्हणून गाऊन, सोंगं काढून सांगायचे. बायकांची कामंही पुरुषच करायचे. गयाबाई जलशाबरोबर फिरायची ती भाकरी थापायला. चुलीसमोर बसून तिनं एक गाणं रचलं आणि भावाला दिलं. गाण्याभोवती भावानं एक वग उभा केला. एक मुलगी शाळेत जाते. तिला वर्गात घेत नाहीत, खिडकीबाहेर उभं करतात. ती दिवसभर उभी राहून आईला हाका मारते. चौदा ओळी, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'आई'. तेरा हाकांना आई येत नाही. ती खडी फोडायला गेलेली असते. चौदाव्या ओळीत नुसतं 'आई' एवढंच आहे. तेव्हा ती येते, गोणपाट वर्गाच्या आत अंथरते आणि त्यावर स्वतः बसते. बोलत काहीच नाही. वग संपतो.

हे गाणं गयाबाईनं शेकडो वेळा ऐकलं होतं, प्रत्येक वेळी कनातीच्या मागून, चुलीपाशी बसून.

"मागून ऐकलं का शब्द पाठमोरे येतात," ती एकदा जेवताना म्हणाली. "एकदा समोर बसून ऐकायचं होतं. राहिलं ते."

कांदा महाग झाला, असं सांगावं तशी ती हे म्हणाली. पगाऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"ऐकवतो," ते म्हणाले.

"कोण म्हणणार? तुझी पोरगी?" गयाबाई हसली. "ती मला दादी म्हणती."

"और क्या बोलूँ, दादी?" सुनंदा म्हणाली. ती सतरा वर्षांची होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून हिंदीच यायचं. सुभद्राला, म्हणजे स्वतःच्या आईला, ती मम्मी म्हणायची. सुभद्रा सासूला नात्यानं आत्या म्हणायची. घरात 'आई' हा शब्द वापरणारे पगारे एकटेच होते.

कचेरीत दर सप्टेंबरला हिंदी पखवाडा, म्हणजे पंधरवडा, व्हायचा. त्यात निबंध, वादविवाद, आणि शेवटच्या दिवशी नाटिका. पगाऱ्यांनी वग हिंदीत करायला घेतला. त्यांनी तो ट्रेसिंग पेपरवर, नकाशावर लिहितात तशा उभ्या सरळ अक्षरांत लिहिला आणि त्याच्या अमोनिया प्रिंट काढल्या. नटांना संवाद पाठ करताना डोळ्यांतून पाणी यायचं, ते प्रिंटच्या वासानं. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात दुरुस्त्यांचा चौकोन होता.

सगळ्या शब्दांना हिंदी सापडली. फक्त एका शब्दाला सापडली नाही. 'आई'च्या जागी 'माँ' घातलं की चाल पुढच्या पायरीवर पाय ठेवायला जायची आणि पायरीच नसायची. दोन महिने खटपट करून पगाऱ्यांनी 'आई' तशीच ठेवली. "समजेल लोकांना," ते सुभद्राला म्हणाले. "मुलगी रडतेय, हाक मारतेय. न समजायला काय आहे?"

"तुमचं सगळं समजतंच लोकांना," सुभद्रा म्हणाली. "भाजीवाल्याला विचारा."

मुलीचं काम सुनंदाकडे आलं, दिग्दर्शन नरेंद्रबाबूंकडे गेलं. ते आस्थापना विभागात हेडक्लार्क होते, आणि कचेरीतलं नाटक त्यांच्याशिवाय होत नसे. पहिल्या तालमीला सुनंदा गायली:

"आई, ऊँची खिड़की…"

दोन माणसं विंगेतून एक खिडकी घेऊन आली. मलिहाबादच्या दशहरी आंब्यांच्या जुन्या पेट्यांच्या फळ्या ठोकून ती बनवली होती. त्यांनी ती मधोमध ठेवली आणि कपाळाचा घाम पुसला.

"ही आत्ता का आणली?" पगाऱ्यांनी विचारलं. घाईत ते मराठीतच बोलले, मग सावरले. "अभी क्यों लाये?"

"आपने ही तो लिखा है," नरेंद्रबाबू प्रिंट दाखवत म्हणाले. "आई ऊँची खिड़की। तो आई।"

"नहीं, नहीं. आई मतलब माँ."

"हाँ, हाँ, माँ भी आएगी। पहले खिड़की आई।"

दुसरी ओळ होती 'आई, सूखी स्लेट'. स्लेट आली. 'आई, लंबी दोपहर' या ओळीशी नरेंद्रबाबू दोन दिवस थांबले. पाटी आणता येते, दुपार कशी आणायची? तिसऱ्या दिवशी ते फार आनंदात आले. हिशेब विभागातल्या एका बाबूंची बायको पिवळी साडी नेसून विंगेतून आली आणि खिडकीपाशी दोन्ही हात पसरून उभी राहिली. ती दुपार होती. 'आई, प्यास लगी' याला तहान आली, रिकामा गडवा घेऊन. ऊन आलं, धूळ आली. घंटा आली, तिच्यामागे शिपाई. रंगमंचावर दाटी होऊ लागली. खिडकीच्या फळ्यांत आंब्याचा गोडवा उरला होता, त्यामुळे मुंग्याही आल्या. त्यांना मात्र कुणी बोलावलं नव्हतं.

पगारे रोज समजावत आणि रोज एक नवी बाई येई. संध्याकाळी ते घरी येऊन प्रिंटच्या कोपऱ्यातल्या चौकोनात दुरुस्ती क्रमांक लिहीत.

"बसली का तालीम?" गयाबाई विचारायची.

"बसतेय."

"पुढची खुर्ची सांगितली ना? मधली?"

"सांगितली, आई."

"कडेची नको. कडेनं कनात दिसती."

सूचनाफलकावर जाहिरात लागली. पेंटरनं गीतकाराचं आणि नाटिकेचं नाव एकाच ओळीत लिहिलं होतं, शब्द भलतीकडेच तोडून: 'गीत गया बाई आई'. कँटीनमध्ये लोक वाचत, "गीत गया, बाई आई!" आणि ग्लासातला चहा सांडेपर्यंत हसत. कचेरीच्या बड्या साहेबांनी पगाऱ्यांना बोलावून हळूच विचारलं, ही बाई कुठल्या कोठ्यावरची? कारण सरकारी इमारत आहे.

"मेरी माँ है," पगारे म्हणाले.

साहेब उभे राहिले, माफी मागितली आणि पान दिलं. नाव मात्र त्यांनी 'श्रीमती गया जी' करून घेतलं.

शेवटच्या आठवड्यात नरेंद्रबाबूंना एक अडचण दिसली. "पगारे साहब, यह जो आख़िर में एक औरत आती है बोरा लेकर, इसका क्या करें? तेरह आ चुकी हैं। अब एक और आई तो दर्शक उठ जाएगा। इसे काट देते हैं। चौदहवीं 'आई' पर परदा।"

ते वाक्य पगारे तेव्हा म्हणाले. आई एकदाच आली पाहिजे. त्यांचा आवाज चढला नव्हता. नरेंद्रबाबूंनी सुनंदाकडे पाहिलं. "क्या कह रहे हैं?"

सुनंदा जमिनीकडे बघत म्हणाली, "कुछ नहीं, अंकल।"

मग पगाऱ्यांनी शेवटचा उपाय केला. ते राजभाषा विभागात गोपीनाथजींकडे गेले. गोपीनाथजी हिंदी अधिकारी होते. नाटकाची संहिता त्यांच्या शिक्क्याशिवाय रंगमंचावर जात नसे. पगाऱ्यांनी त्यांना लेखी कळवलं की 'आई' हा मराठी शब्द असून त्याचा अर्थ माता असा आहे, तरी दिग्दर्शकांस तशी समज द्यावी.

गोपीनाथजींनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला. "पगारे जी, यह आपने क्या कर दिया? हम तो इसे हिंदी समझकर पास कर चुके थे।"

चौदा ठिकाणी परकी भाषा असेल, तर ती हिंदी नाटिका नाही. हिंदी नाटिका नसेल, तर पखवाड्यात नाही. पखवाड्यात नसेल, तर हॉल नाही. गोपीनाथजी माणूस चांगला. त्यांनी रात्रभर विचार करून सकाळी स्वतःच तोडगा काढला आणि टाइप करून आणला. 'प्रमाणित किया जाता है कि इस नाटिका में चौदह स्थानों पर आया शब्द "आई" हिंदी क्रिया "आना" का भूतकालिक स्त्रीलिंग रूप है, और कुछ नहीं।' खाली लेखकाच्या सहीची जागा.

रंगीत तालीम आदल्या दिवशी, दुपारी तीन वाजता होती. गयाबाई हट्टानं आली. पहिल्या रांगेत, मधल्या लोखंडी खुर्चीवर ती पाय वर घेऊन बसली. चपला खुर्चीखाली जोडून ठेवल्या. पगाऱ्यांच्या हातात तो कागद होता.

"काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

पगाऱ्यांनी सांगितलं. जसं होतं तसं, 'और कुछ नहीं'सकट.

गयाबाईनं कागदाकडे बोट केलं. "न्हाई केली सही तर?"

"नाटक नाही."

"मग कर. कागदाला काय कळतं? मला ऐकायचंय."

पगाऱ्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. नकाशावर करत तशी, स्वच्छ, वाचता येईल अशी. शाई वाळू दिली.

तालीम सुरू झाली. सुनंदा गाऊ लागली आणि एकेक गोष्ट येऊ लागली. खिडकी आली, स्लेट आली, दुपार पिवळ्या साडीत आली. गयाबाई प्रत्येक वेळी मान पुढे काढायची, चांगला डोळा बारीक करायची आणि पुटपुटायची, "ही न्हवं." तहान आली. "ही बी न्हवं." सुनंदाचा आवाज मात्र खरा होता. आलेल्या सगळ्यांच्या गर्दीत ती खरंच बाहेर उभी राहिल्यासारखी दिसत होती.

चौदावी ओळ आली. सुनंदानं एकच शब्द म्हटला. "आई."

इथं पडदा पडायचा होता. पण दोन आठवड्यांच्या सवयीनं सगळ्यांनी विंगेकडे पाहिलं. पडदा ओढणारा माणूसही दोरी धरून विंगेकडे बघत राहिला. कुणी आलं नाही.

गयाबाई खुर्चीवरून उतरली. अनवाणी पायांनी रंगमंचाच्या पायऱ्या चढली. कापून टाकलेल्या प्रवेशाचं गोणपाट कडेला पडलं होतं. ते तिनं उचललं, झटकलं, खिडकीच्या आतल्या बाजूला अंथरलं आणि त्यावर बसली. पिवळ्या साडीतली दुपार बाजूला सरकली. "आइए अम्मा, इधर हवा है।"

"यह कौन आई?" नरेंद्रबाबूंनी खालून ओरडून विचारलं.

"आई," सुनंदा म्हणाली. मग तिच्याच लक्षात आलं की कुणाला काही कळलेलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "आई आलीय."

गोपीनाथजींनी विनंतीसारखा हात पुढे केला. "पगारे जी, वह प्रमाणपत्र?"

पगाऱ्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि पातं बाहेर घेतलं. प्रमाणपत्र गुडघ्यावर सपाट धरलं. सहीच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या वळणापर्यंत हलक्या हातानं, घाई न करता खरवडलं. फुंकर मारली. कागद गोपीनाथजींच्या हातात दिला. सहीच्या जागेतून त्यांची बोटं दिसत होती.

मग पगारे रंगमंचावर गेले आणि आईला हात दिला. ती गुडघ्यावर जोर देऊन उठली. कचेरीच्या मालकीचं ते गोणपाट तिनं घडी करून काखेत मारलं. सुनंदाही त्यांच्यामागे निघाली. विंगेतून न जाता ते समोरच्या पायऱ्या उतरले. खुर्चीखालच्या चपला पगाऱ्यांनी वाकून उचलल्या, आईच्या पायांपुढे ठेवल्या, तिचे पाय त्यांत जाईपर्यंत थांबले आणि तिघं हॉलबाहेर पडले.