चुकलंमाकलं सांभाळून घ्या

तुमची मुलगी मठ्ठ आहे, हे मी एकदा एका बापाच्या तोंडावर मान्य केलं. बाप चिनी होता, मुलगी माझी सून व्हायची होती, आणि मठ्ठ हा शब्द त्याचाच होता. मी फक्त मान डोलावली. पण ती अशी डोलावली, की नातींना सांगताना मी अजून करून दाखवते आणि पोरी हसून लोळतात. या नाती माझ्या मुलीच्या. मुलाकडून आजी व्हायचं राहिलं ते त्या मानेपायी, हे त्यांना कळायचं वय अजून व्हायचंय.

दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं असतील. मुलगा म्युनिकमध्ये पीएचडी करत होता आणि ती त्याच्याच इन्स्टिट्यूटमध्ये होती. त्याने फोनवर विचारलं आणि मी लगेच हो म्हणून टाकलं. चिनी सून चालेल म्हणणारी आपल्या अख्ख्या सोसायटीत मी एकटीच, या तोऱ्यात मी बॅगेत पैठणी आणि पुरणयंत्र घालून नोव्हेंबरात तिथे उतरले. तिला आई नव्हती. वडील निवृत्त शाळामास्तर, मुलीला भेटायला तेव्हाच आले होते. मुलाने त्यांना जेवायला बोलावलं.

"आई, ते जुन्या वळणाचे आहेत," त्याने बजावलं. "तू फार बोलू नकोस."

"मी कशाला बोलतेय? मुलाकडची आहे मी. बोलायचं त्यांनी."

"आल्झो," तो जर्मन सवयीने म्हणाला, म्हणजे 'हं, तर'. "हेच. हेच नको."

बाहेर चारलाच अंधारून आलं होतं. हीटरच्या त्या कोंदट उबेत मी पैठणी नेसून घामेजत बसले होते. मास्तर आले, किडकिडीत, कोटाची गळ्यापर्यंत बटणं लावलेले. त्यांनी दोन्ही हातांनी एक छोटा पत्र्याचा डबा पुढे केला. मुलगी त्यांचं बोलणं मला इंग्रजीत सांगत होती.

"बाबा म्हणतात, आमच्याकडची हलकी पत्ती आहे. तुम्हाला द्यावी अशी नाही."

मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. आलं, दूध, साखर घालून ती पत्ती खळाखळा उकळली, आणि खरंच हलकी निघाली, काही केल्या रंग चढेना. मास्तरांच्या घरातली सगळ्यात चांगली पत्ती होती ती, हे मला नंतर कळलं. मास्तरांनी मात्र कप तळापर्यंत संपवला.

मग मी पुरणपोळ्या, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, दोन कोशिंबिरी, भात असं सगळं मांडून म्हणाले, "साधंच केलंय हो, गोड मानून घ्या." मास्तर अर्धे उठले, दोन्ही हात हलवून म्हणाले की असं जेवण त्यांनी जन्मात पाहिलं नाही. त्यांनी माझं म्हणणं किती व्यवस्थित खोडून काढलं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी नुसती फुगले.

मुलगा पापड तळायला गेला. धुराचा अलार्म वाजू नये म्हणून त्याने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मास्तरांनी चमचा खाली ठेवला आणि हळूहळू बोलायला लागले. मुलगी ताटाकडे बघत मला सांगत होती.

"बाबा म्हणतात, मुलगी मठ्ठ आहे. आई लवकर गेली, वळण लावायला कोणी नव्हतं. स्वयंपाक येत नाही. आमचं घर म्हणजे थंडगार झोपडी. तुमच्या घरात यायची तिची लायकी नाही."

हे बोलणं माझ्या ओळखीचं होतं. माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी हात जोडून "चुकलंमाकलं सांभाळून घ्या" म्हटलं होतं, आणि माझ्या सासूबाईंनी जड मान एकदाच खाली-वर केली होती. मी मागे उभी होते. वडिलांचे ते जोडलेले हात मी पुढे कित्येक वर्षं विसरले नाही. पण इतक्या वर्षांनी माझी पाळी आली, तेव्हा आठवली ती फक्त सासूबाईंची मान.

मी पदर सारखा केला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "असू दे, असू दे. आम्ही शिकवून घेऊ. आमचा मुलगा मात्र पहिल्यापासून हुशार हं."

मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिने सगळं वडिलांना सांगितलं. मास्तर हसले, किंचित वाकले, आणि ताटातली पोळी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

पापड घेऊन मुलगा आला. "काय बोलणं झालं?"

"छान झालं," मी म्हणाले. "मोकळा माणूस आहे. काही लपवलं नाही त्यांनी."

मास्तर परत गेले. त्यांनी नकार दिला नाही. त्या रात्री जेवून परतताना एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, मुलीला एवढंच म्हणाले होते, की त्या घरात तुझ्या बाजूने बोलणारं कोणी दिसलं नाही. तिने महिनाभर विचार केला आणि त्यांच्या गावाजवळ नोकरी धरली.

मुलाने मला हे समजावलं तेव्हा तो भांडी विसळत होता. "आई, त्यावर नाही म्हणायचं असतं. ते आपल्या घराला झोपडी म्हणतात आणि दुसऱ्याच्या मुलीला हजार मोहरा म्हणतात. तू म्हणायचं होतंस की आमचाच मुलगा गबाळा आहे."

"मग आधी सांगायचंस मला."

"तू रोज साधंच केलंय म्हणतेस. तुला सांगावं लागेल असं वाटलं नाही."

त्याचा आवाज चढला नाही. पुढेही कधी चढला नाही. तो अजून म्युनिकमध्येच आहे. फोनवर जेवलास का विचारलं की या, या, म्हणतो, जर्मनमधलं हो, हो.

मी निघायच्या आधी ती मला भेटायला आली. मुलगा मुद्दाम बाहेर गेला होता. त्या डब्यातली पत्ती मी या वेळी नुसत्या गरम पाण्यात टाकली. मग मी माझ्या त्याच मोडक्या इंग्रजीत विचारलं, "माझं बोलणं त्यांना थोडंच कळत होतं? तू दुसरंच काहीतरी चांगलं सांगायचंस."

तिने कप खाली ठेवला. ती इंग्रजीतच बोलली, 'काकू' तेवढं मराठीत, मुलाने शिकवलेलं.

"सांगता आलं असतं, काकू. पण मग ते माझं कौतुक मीच केल्यासारखं झालं असतं. आमच्याकडे मुलीला चांगली फक्त समोरचा म्हणतो, आणि त्या दिवशी समोर तुम्ही होतात."