मिशीवाले साहेब आणि माझी मान

आम्हा बहिऱ्यांत नावानं हाक मारण्यात अर्थ नाही. म्हणून प्रत्येकाला एक खूण मिळते. कपाळावर व्रण असेल तर बोट कपाळाला, दात पुढं असतील तर बोट दाताला. यात कुणाची भीडभाड नसते. माझी खूण खांद्यावर शाल ओढून घेण्याची होती. जिल्ह्यातल्या बहिऱ्यांच्या संघटनेचा मी अध्यक्ष, सत्कार बरेच झालेले, तेव्हा ती खूण मी मानाची समजत होतो. मंचावर बसल्या बसल्या मी सारखी शाल नीट करत असतो, हे पुढं बायकोनं सांगितलं.

माझे कान लहानपणी मुदतीच्या तापात गेले. तोवर बोलणं आलेलं होतं. पुढं पुस्तकं पुष्कळ वाचली, ओठही वाचायला शिकलो, त्यामुळं आपण निम्मे ऐकणाऱ्यांतलेच असा माझा समज झाला. जिथं ओठ वाचता येत नाहीत तिथं मी मान डोलावतो. ही आम्हा लोकांची जुनी सवय. एकदा ‘काय?’ विचारलं तर माणूस सांगतो, पुन्हा विचारलं तर वैतागतो, आणि मग ‘जाऊ द्या’ म्हणतो. मान डोलावली की सगळे खूष. अध्यक्षही मी असाच झालो. सभेत पाहुण्यांनी काहीतरी विचारलं, मी मान डोलावली आणि गळ्यात हार पडला.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मंठ्याला शिवणकाम करणारी एक बाई होती, जन्मापासून बहिरी, नवराही बहिराच. बसस्टँडजवळ अपंगांना टपरीसाठी जागा मिळणार होत्या. तिला रस्त्याकडं तोंड असलेलीच जागा हवी होती. दिराच्या ओसरीवर तिचं मशीन भिंतीकडं तोंड करून होतं. गिऱ्हाईक पाठीमागून हाका मारायचं, ही शिवत राहायची, आणि गिऱ्हाईक ‘लई माज आहे हिला’ म्हणून पुढच्या शिंप्याकडं जायचं. आता दिरानं ओसरीही रिकामी करायला सांगितली होती. टपरी चालली नाही तर मशीन विकावं लागणार होतं.

तिला घेऊन मी या जागा वाटणाऱ्या मंठ्याच्या कार्यालयात गेलो. हक्क, सन्मान, स्वावलंबन असे शब्द वापरून दणकून बोललो. स्वतःचा आवाज कळत नसल्यानं माझं साधं बोलणंही भाषणच होतं. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि उत्तर दिलं. त्यांची मिशी खालच्या ओठापर्यंत आलेली. तिच्याआड काहीतरी हललं एवढंच दिसलं. कागदावर लिहून द्या म्हणणं सोपं होतं, पण ते अध्यक्षाला शोभलं नसतं. मी मान डोलावली. ते पुन्हा काही बोलले. मी जास्तच जोरात डोलावली.

बाहेर आल्यावर बाईनं हातानं विचारलं, काय म्हणाले? मी खुणेनं सांगितलं, काम झालं.

थोड्याच दिवसांत ती एसटीनं जालन्याला, थेट माझ्या घरी आली. बसायच्या आधीच तिनं हवेत भिंत काढली, भिंतीसमोर मशीन ठेवलं आणि स्वतःच्याच खांद्यावर मागून टकटक केलं. स्टँडच्या मागं, मुतारीशेजारी, भिंतीकडं तोंड करून तिला जागा आखून मिळाली होती.

मी सरकारी बेफिकिरीवर हातवारे सुरू केले. तिनं माझे हात धरून खाली ठेवले.

“तुम्ही मान डोलावली,” ती हातानं म्हणाली. “मी पाहिलं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही परत मंठ्याला गेलो. साहेबांसमोर उभा राहून मी म्हणालो, “साहेब, मला ऐकू येत नाही.”

बहिऱ्यांचा अध्यक्ष म्हणून गेलेल्या माणसानं सांगायची ही बातमी नव्हे. पण माझा आवाज असा की सगळ्या टेबलांवरची डोकी एकदम वर झाली आणि चहावाला दारातच थबकला. मग मी मिशीचंही सांगितलं.

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि दोन बोटांनी मिशी वर धरली. खाली चांगले स्वच्छ, वाचण्याजोगे ओठ निघाले.

“मंग त्या दिवशी मान कशाला हलवली? मी इचारलं होतं, मागची जागा चालंल का म्हणून. तुम्ही तर लई खूष दिसले.”

पुढच्या रांगेतली कोपऱ्याची जागा अजून कुणाला दिलेली नव्हती. मिशी धरूनच त्यांनी ती दाखवली. मी बाईकडं वळून आधी तिला विचारलं. तिनं ठिकाण कुठलं, तोंड कुठं, ऊन किती, सगळं खोदून खोदून विचारलं आणि मगच हो म्हणाली.

पुढं एकदा मंठ्याला गेलो तेव्हा ती शिवत होती. मी रस्त्यापलीकडं असतानाच तिनं मला पाहिलं आणि शेजारी काज-बटणं करणाऱ्या नवऱ्याला माझी खूण करून दाखवली. शाल नव्हती त्यात. नुसती मान, भराभरा डोलणारी.

खूण जिल्हाभर माझ्या आधी पोचली. तीर्थपुरीच्या सभेत मी माइकसमोर उभा राहिलो तर समोरच्या सगळ्या रांगा मान डोलावत होत्या. भाषण लोकांना फारच पटतंय, असं वाटून मला बरं वाटलं. ते अजून सुरू व्हायचं होतं.